बिनछपराची ४०४

बेयाचा फोन आला तेव्हा आम्ही सगळ्याजणी स्वयंपाकघरात बदाम सोलत बसलो होतो. लग्नाचं घर म्हटलं की बदाम आलेच. बोटांची सालं निघायची वेळ येते, पण टोपली रिकामी होत नाही. बेया ही माझी नणंद, राजधानीत राहते. तिचा आवाज मुळात मोठा, त्यात आनंद झालेला, त्यामुळे मी फोन कानापासून लांब धरला तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"दिसतंय गं बाबांना! आज पट्टी काढली. दुसऱ्या डोळ्यानं अगदी लख्ख दिसतंय! आणि पहिलं वाक्य काय बोलले माहितेय? म्हणाले, बेया, तुझे पडदे किती घाणेरड्या रंगाचे आहेत!"

ते पडदे माझ्या नवऱ्याच्या दुकानातले. पण त्या क्षणी कुणाला त्याचं काय? बायकांनी बदाम टाकून लग्नात देतात तशा ललकाऱ्या दिल्या, कुणी रडलं, कुणी अल्लाचे आभार मानले. सासऱ्यांच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन अर्धवटच साधलं होतं. दुसऱ्यावर खुद्द डॉक्टरचीही फारशी भिस्त नव्हती. चार-पाच वर्षं सावल्यांच्या पलीकडे काही न दिसलेला माणूस पडद्यांना नावं ठेवत होता.

"आणि ऐक," बेया ओरडली, "शनिवारी सकाळी आम्ही येतोय. म्हणतात, घरी गेल्या गेल्या मला माझी गाडी बघायचीय. नातीला, उल्फाला, लग्नाच्या हॉलवर मीच नेणार. डॉक्टर म्हणाला, काळा चष्मा लावून हळू चालवा, हरकत नाही."

लमीन, माझा नवरा, दारात उभा राहून पाणी पीत होता. त्यानं ग्लास फळीवर ठेवला, म्हणजे ठेवायला गेला. फळी तिथं नव्हती. काचा गोळा करताना मी त्याच्याकडे पाहिलं. ओठ पांढरेफटक पडले होते. माझ्या हातात निदान केरसुणी तरी होती.

कारण गाडीला छप्पर नव्हतं.

आता हे नीट सांगायला हवं. माझ्या नवऱ्याला दोन हात आहेत, हीच त्याची मोठी अडचण आहे. पडद्यांचं आणि सोफ्याच्या खोळींचं त्याचं दुकान बरं चालतं, माणूस मनानं चांगला आहे, पण कुठलीही वस्तू आहे तशी राहू देणं त्याला जमत नाही. आमच्या फ्रिजला पितळी मूठ आहे. न्हाणीघराच्या आरशाभोवती झालर आहे. माझं शिवणाचं मशीन त्यानं एकदा "थोडं सुधारलं", तेव्हापासून ते उलटंच शिवतं. पण हाज शादलींच्या, म्हणजे हजला जाऊन आलेल्या माझ्या सासऱ्यांच्या गाडीला त्यानं कधी बोट लावलं नव्हतं. लावायची प्राज्ञाच नव्हती.

राखी रंगाची प्यूजो ४०४. लमीन पाळण्यात होता तेव्हा घेतलेली. सासरे शाळेत फ्रेंच शिकवायचे. आमच्या या महदियातलं निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलंय आणि त्या निम्म्या गावाला ती गाडी माहीत आहे. आत बसायचं तर बूट बाहेर झटकायचे. आत खायचं नाही. दार आपटायचं नाही, नुसतं लोटायचं, ते आपलं आपण बसतं. आणि बसायचंही. तो आवाज अजून माझ्या कानात आहे, कारण मीही त्याच गाडीतून या घरात आले. आमच्या घरातली प्रत्येक नवरी तिच्यातूनच गेली किंवा आली, आणि प्रत्येक वेळी स्टिअरिंगवर हाजच होते. दृष्टी गेल्यावरही दर शुक्रवारी नमाजानंतर ते गॅरेजमध्ये जायचे, हातानं चाचपत सगळी गाडी पुसायचे, इंजिन चालू करून ऐकत बसायचे. लमीनला किल्ली मिळायची ती गाडी दोन हात मागं-पुढं करण्यापुरती. पन्नाशीला आलेला माणूस, पण रस्त्यावर ती गाडी त्यानं एकदाही चालवली नव्हती.

हिवाळ्याच्या अखेरीस हाज ऑपरेशनसाठी बेयाकडे गेले आणि तिथंच राहिले. इकडे उल्फाचं, आमच्या मुलीचं, लग्न ठरलं. पोरीनं फोनवर एक चित्रफीत दाखवली. हम्मामेत शहरातलं कुठलंतरी लग्न, उघडी गाडी, नवरीचा पदर वाऱ्यावर उडतोय. नवरदेवाकडचे म्हणाले, अशी भाड्यानं मिळते, आम्ही आणू. लमीनला ते लागलं.

"घरात ४०४ असताना माझी मुलगी भाड्याच्या गाडीतून?"

त्यातच कॅफेत कुणीतरी त्याला सांगितलं की ही गाडी त्या काळी उघडीसुद्धा यायची. फोटोही दाखवला. तो फोटो घेऊन लमीन घरी आला तेव्हाच मला कळायला हवं होतं की आता काही खरं नाही.

"म्हणजे छप्पर तेवढं काढायचं! बाकी गाडी तीच," तो म्हणाला.

"हाजना विचार आधी."

"त्यांना अचानक दाखवायचंय गं. दिसलं नाही तरी तोंडावर वारा तर लागेल! म्हातारा खूष होईल बघ."

मी म्हणाले, "विचार." तो म्हणाला, "विचारतो." आणि दुसऱ्या दिवशी खमैसला घेऊन आला.

खमैस आमच्या गल्लीत खिडक्यांच्या जाळ्या करतो. पोट पुढे आलेल्या, निळ्या, वळणावळणाच्या. आख्ख्या गावच्या खिडक्या त्याच्या हातच्या आहेत आणि त्या उत्तम आहेत, यात वाद नाही. पण खिडकी ही कुठं जात नाही. कापायच्या यंत्राचा तो किंचाळता आवाज सकाळभर चालला होता. मी दोनदा बाहेर आले आणि दोनदा आत गेले. दुपारी दोघं छप्पर डोक्यावर घेऊन गॅरेजबाहेर आले, घामानं भिजलेले, हसत, ईदला बकरा आणल्यासारखे. ते छप्पर त्यांनी गच्चीवर नेलं आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर घातलं. खुराड्याला सावली हवीच होती, म्हणे.

मग काय, एकदा हात लागल्यावर थांबतो कोण? गाडी सोनेरी झाली. सोफ्याच्या पायांना आम्ही लावतो तोच सोनेरी. आतल्या बैठका उखडून पांढरं चकचकीत रेक्झिन ठोकलं, त्यावर गुंड्या. दारांच्या कडांना, जिथं पत्रा कापून खडबडीत झाला होता, तिथं दुकानातली झालर डकवली. खाली निळे दिवे. मी गॅरेजच्या दारात उभी राहून ते बघत होते आणि मला माझ्या लग्नाच्या दिवसाचा राग येत होता, की तो एवढा स्पष्ट का आठवतो. लमीन मात्र महिनाभर तरंगत होता. मी एवढा आनंदी नवरा फार वर्षांनी पाहिला. खोटं कशाला बोलू, तो आनंद मोडवेना म्हणून मीही गप्प बसले होते.

मग चाचणी झाली. लमीननं आपल्या तीन मावश्यांना मागं बसवलं, पुढं खमैस. दारं लागेनात. तीन धक्के दिल्यावर एक लागलं, ते मग उघडेना. मावश्या आत अडकल्या आणि एकमेकींवर ओरडायला लागल्या.

"बाया जड आहेत," खमैस म्हणाला.

"तुझी आई जड!" थोरल्या मावशीनं आतूनच सुनावलं.

त्यांना वरून उचलून काढलं, तेव्हा गाडी हलकेच वर आली आणि दार आपोआप उघडलं. ते पाहून लमीनचं हसू पहिल्यांदा मावळलं. सफाक्सहून एका मेकॅनिकला बोलावलं. त्यानं वाकून पाहिलं आणि डोकं हलवलं. या गाडीला खाली वेगळा सांगाडा नसतो, तो म्हणाला, छप्पर, दारांच्या चौकटी, खालचा पत्रा, सगळं मिळूनच तिचा कणा. वरचं कापल्यावर ती मधोमध वाकणारच. उद्या खड्ड्यात आपटली तर दोन तुकडे होतील. यावर उपाय म्हणून खमैसनं खालून खिडक्यांच्या जाळीचे गज जोडले. वजन वाढलं आणि गाडी आणखी वाकली.

तेव्हापासून लमीन गॅरेजकडे जायचं टाळत होता. गाडीवर त्यानं जुनं पडद्याचं कापड टाकलं आणि "लग्नानंतर बघू" म्हणायला लागला. आणि मग बेयाचा तो फोन.

फोन आला त्या दिवसापासून शनिवारपर्यंत घरात दोन लग्नं चालू होती असं म्हणा. वरच्या मजल्यावर उल्फाचं. मेंदी, हमामातलं न्हाण, जरीचे कपडे, गाणी. आणि खाली गॅरेजमध्ये लमीन आणि खमैसचं, ज्यात कुणी गात नव्हतं. छप्पर खुराड्यावरून खाली आणलं. धुतलं. कोंबड्यांनी त्यावर जे करायचं ते केलं होतं, आणि वर ठेवलेल्या विटांनी ते एका बाजूला दबलं होतं. दोघांनी ते गाडीवर धरून पाहिलं. बसेना. मधल्या काळात गाडी इतकी खचली होती की पुढून टेकवलं तर मागं चार बोटं फट, मागून टेकवलं तर पुढची काच आडवी येई. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघं ते छप्पर डोक्यावर धरून उभे होते आणि ते कुठं ठेवायचं हे कुणालाच सुचत नव्हतं.

"वहिनी, रंग तरी परत राखी मारू का?" खमैस म्हणाला. "लांबून कळणार नाही."

"हाज लांबून बघणार आहेत का?" मी विचारलं.

शुक्रवारी दुपारी लमीन जेवायला आला नाही. शोधत गच्चीवर गेले तर तो उघड्या खुराड्यापाशी उन्हात बसला होता. कोंबड्या कोपऱ्यातल्या सावलीत दाटीवाटीनं उभ्या.

"जलीला," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बेयाचा फोन आला ना, की बाबांना दिसतंय म्हणून. तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू?"

"नको सांगू."

"मला वाटलं, का दिसलं? अजून थोडे दिवस नसतं दिसलं तर."

मला राग आला, आणि राग येता येता त्याच्या मानेवर उन्हानं आलेला लालपणा दिसला. मी ओढणी काढून त्याच्या डोक्यावर टाकली.

"माझ्याच बापाचे डोळे," तो म्हणाला. "एका गाडीपायी."

"बोललास ते माझ्यापाशी. आता दुसऱ्या कुणापाशी बोलू नकोस," मी म्हणाले. "ऊठ, ताटातलं कुसकुस थंड होतंय."

तो उठला, पण जेवला नाही.

शनिवारी सकाळी भाड्याची गाडी दारात थांबली आणि हाज उतरले. पांढरा जुब्बा, काळा चष्मा, कानावर मोगऱ्याचा तुरा. हात धरायला बेया पुढं झाली तर तिचा हात त्यांनी झटकला. एकेकाच्या तोंडासमोर उभे राहून ते नीट पाहत होते, शाळेत हजेरी घेतल्यासारखे. उल्फाला पाहून त्यांनी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग माझ्यापुढं आले.

"जलीला, तू म्हातारी कधी झालीस गं?"

"तुम्ही बघत नव्हतात तेव्हा, हाज."

ते मोठ्यानं हसले. सगळे हसले. लमीन मागं उभा होता, त्याला त्यांनी मिठी मारली आणि म्हणाले, "पोट सुटलंय. चल, किल्ली आण."

"बाबा, आधी कॉफी घ्या."

"कॉफी पळून जात नाही."

"बाबा, ती गाडी... मी तिच्यात थोडं काम केलंय."

"काय काम? कार्ब्युरेटर साफ केलास?"

लमीननं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे मलाही कळलं नाही. हाज पुढं, आम्ही मागं. गॅरेजच्या दारात बायका-मुलांची गर्दी झाली. ज्यांना माहीत होतं ते जमिनीकडे बघत होते, ज्यांना माहीत नव्हतं ते टाळ्या वाजवायच्या तयारीत. म्हाताऱ्याचं हृदय, नुकतं झालेलं ऑपरेशन, वरचं ऊन, काय काय माझ्या मनात येऊन गेलं. कापड लमीननंच ओढलं. तेवढं तरी त्यानं दुसऱ्याला करू दिलं नाही.

हाजनी चष्मा काढला. पुढून पाहिलं, मग बाजूनं. झालरीवरून बोटं फिरवली, झालर उचलून खालचा कापलेला पत्रा पाहिला आणि ती पुन्हा नीट खाली सोडली. मग आत बसायला म्हणून त्यांनी दार उघडलं आणि त्यांचा डावा हात सवयीनं वर गेला, छपराच्या कडेला धरायला. आंधळेपणातही तो हात बरोबर त्याच जागी जायचा. तिथं काहीच नव्हतं. ते पुढं तोल जाऊन रेक्झिनच्या बैठकीवर आदळता आदळता वाचले. बेया किंचाळली. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"लमीन," ते म्हणाले, अगदी हळू आवाजात, "डॉक्टरनं मला महिनाभर रडायला मनाई केलीय. ते कापड टाक परत."

मग ते घरात जाऊन कॉफी प्यायले.

त्यानंतर बेयानं लमीनला जे सुनावलं ते मी लिहीत नाही. लग्नघरात पाहुणे होते, त्यांनी ते सगळं ऐकलंय. उल्फा मेंदीचे हात पुढं धरून आजोबांसमोर बसली. "आजोबा, बाबांनी माझ्यासाठी केलं. मीच म्हणाले होते उघडी हवी."

"छान आहे," हाज म्हणाले. "सोन्यासारखी दिसते. पण तू तिच्यात बसायचं नाहीस. दारांखालचा पत्रा वाकलाय, मी पाहिलंय. तू तुझ्या नवऱ्याकडच्यांच्या गाडीतून जा."

"मग ती इथंच राहील?"

"ती पुढं असेल. मी एकटा चालवीन. माझं वजन काय, चिमणीएवढं."

"बाबा, नको!" लमीन म्हणाला. कापड ओढल्यापासूनचा त्याचा पहिला धड शब्द. "तुटेल ती. तुम्हाला काही झालं तर..."

"आणि नाही नेली तर सगळं गाव विचारेल, शादलीची गाडी कुठंय? काय सांगू?" हाजनी त्याच्याकडे पाहिलं. दिसायला लागल्यापासून त्यांनी त्याच्याकडे असं सरळ पहिल्यांदाच पाहिलं असेल. "सांग ना. काय सांगू मी?"

लमीननं खिशातून गाडीची किल्ली काढून त्यांच्यापुढं ठेवली.

चारच्या सुमाराला वरात निघाली. ढोल, सनई, हॉर्न, ललकाऱ्या. सगळ्यांत पुढं सोनेरी ४०४ आणि तिच्यात एकटे हाज. तिच्या मागोमाग खमैसचा छोटा टेम्पो, त्यात मी आणि लमीन. आमच्या मागं नवरी. माझं लक्ष नवरीकडे नव्हतं, अल्ला मला क्षमा करो. माझी नजर त्या गाडीच्या मधोमध, दारांच्या खालच्या रेघेवर खिळली होती. ती रेघ सरळ नव्हती. रस्त्यावर गतिरोधक आला की ती मध्ये खाली जायची आणि मी श्वास रोखून धरायची. खमैस मोठ्यानं दुवा मागत होता. लमीन टेम्पोचं दार अर्धवट उघडं धरून बसला होता, केव्हाही खाली उडी मारायला तयार.

"हळू, बाबा, हळू," तो पुटपुटत होता. "डावीकडून घ्या. डावीकडं खड्डा नाही."

हाज डावीकडूनच घेत होते. त्यांना काही सांगायची गरज नव्हती.

आणि लोक! समुद्रकाठच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना लोक फोन वर करून उभे. टाळ्या वाजवत होते. ज्यांनी ती गाडी जवळजवळ पन्नास वर्षं राखी पाहिली होती ते क्षणभर थबकायचे, मग तेही टाळ्या वाजवायचे. लग्नाच्या वरातीत दुसरं करणार काय? हाज एक हात उंचावून सगळ्यांना प्रतिसाद देत होते. समुद्रावरून वारा सुटला होता, त्यात वाळू. ते बाजूला वळले की काळ्या चष्म्याच्या खालून त्यांच्या गालावर पाणी येत होतं. वाऱ्यानं येत होतं की कशानं, ते मला मागून कळायला मार्ग नव्हता. मी फक्त म्हणत होते, आता पोचू दे, आता पोचू दे.

पोचलो. हॉलच्या फाटकाशी गाडी थांबली आणि तिच्या पोटातून एक करकर आवाज आला. हाज दार उघडायला गेले. दार हलेना. दुसरं, तेही हलेना. गर्दी जमली. त्यात सादोक होते, हाजांबरोबर शाळेत गणित शिकवायचे ते. रोज संध्याकाळी कॅफेत त्यांच्याशी भांडायचं हे हाजांचं जुनं काम.

"अरे शादली! हे काय सोंग? आम्हाला बूट झटकल्याशिवाय कधी आत घेतलं नाहीस, आणि आता ही झालर? कुणी केलं हे?"

लमीन तोवर गाडीपाशी पोचला होता. मी त्याच्या मागं. हाजनी एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"मी करून घेतलं," हाज म्हणाले. "माझीच हौस."

"तू?"

"डोळे गेले होते ना. माणसाला दिसेनासं झालं की कसले कसले रंग सुचतात."

सादोक हसत सुटले. बाकीचेही हसले. हाजांचे जुने विद्यार्थी, दाढी पिकलेले, तेही तोंडावर हात ठेवून हसले. ज्या माणसानं आयुष्यभर चुकलेला एक शब्द खपवून घेतला नाही, तो गुंड्यांच्या पांढऱ्या बैठकीवर बसून त्या हसणाऱ्यांबरोबर हसत होता. मी लमीनकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडलं होतं. बोल, मी मनात म्हणाले. बोल रे. पण सनई जवळ आली, नवरी उतरली, लोक तिकडे वळले, आणि ते तसंच राहून गेलं.

लमीननं वाकून बापाला दोन्ही हातांवर उचललं आणि दाराच्या वरून बाहेर काढलं. हाज खरंच चिमणीएवढे झाले होते. जमिनीवर पाय टेकल्यावर त्यांनी जुब्बा झटकला, खिशातून किल्ली काढली आणि लमीनच्या तळहातावर ठेवली.

"फाटकात नको ही. घरी घेऊन जा."

"बाबा..."

"किल्ली तुझ्याकडेच राहू दे. मला नको आता." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ते वळले आणि नातीकडे गेले, तिचा हात हातात घेऊन आत गेले.

लमीन दारावरून चढून स्टिअरिंगवर बसला. मी दुसऱ्या बाजूनं गेले. खमैसनं लोखंडी पहार घालून माझ्याकडचं दार उघडून दिलं.

"तू नको," लमीन म्हणाला. "मोडेल ती."

"सरक," मी म्हणाले.

मी बसल्यावर दार काही केल्या लागेना. मी ते आतून दोन्ही हातांनी ओढून धरलं आणि आम्ही निघालो. परतीचा रस्ता तोच, समुद्रकाठचा. लमीन बैलगाडी हाकल्यासारखा चालवत होता. आयुष्यभर त्यानं हे स्टिअरिंग हातात यायची वाट पाहिली होती. तो ते नुसता बोटांच्या टोकांनी धरून होता. मागं गाड्यांची रांग लागली.

दीपगृहाच्या अलीकडच्या कॅफेत हाजांचे सोबती बसलेले. आम्हाला बघून एकानं खुर्चीतूनच हात केला. "लमीन! बापाला सांग, झकास केलीस गाडी! म्हाताऱ्याला अक्कल आली म्हणावं या वयात!" बाकीचे खो खो हसले.

लमीननं रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवली. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

"हाजनी नाही केली," तो म्हणाला. आवाज बारीक निघाला, म्हणून तो सीटवर उभा राहिला. छप्पर नसल्यानं त्याला उभं राहता आलं. "ऐका! हाजनी नाही केली ही. त्यांना माहीतही नव्हतं. मी कापली. त्यांना दिसत नसताना मी कापली. मी!"

कॅफेत कुणीही हसलं नाही. एक म्हातारा उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. फुटपाथवरून चाललेल्या दोन बायकांनी उघडी सोनेरी गाडी, आत एक बाई आणि एक बुवा, मागं वाजणारे हॉर्न पाहिले आणि आम्हालाच नवरा-नवरी समजून जोरात ललकारी दिली. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. हात मोकळा नव्हता.

लमीन खाली बसला. त्याचे गाल ओले होते, पुसायचं त्याला भान नव्हतं. गाडी करकरत पुढं निघाली. मला वाटलं, झालं, आता सरळ घरी.

पुढच्या कॅफेपाशी त्यानं पुन्हा ब्रेक दाबला.